घर हलवताना : वाचकांचे प्रश्न आणि उत्तरं

मुलांच्या परीक्षा आटोपल्या की इंदुरात घरं बदलण्याचा हंगाम सुरू होतो. कुणी राजवाड्याजवळच्या जुन्या वाड्यातून सुपर कॉरिडॉरकडच्या फ्लॅटमध्ये जातं, कुणी मुलाजवळ पुण्याला. म्हणून या अंकासाठी सामानाच्या बांधाबांधीविषयी प्रश्न मागवले होते. पत्रं भरपूर आली. सारखे प्रश्न एकत्र करून निवडक इथे देत आहोत. उत्तरांत कृतीबरोबर कारणही दिलं आहे. वस्तू कशामुळे फुटते हे समजलं की आम्ही न लिहिलेली वस्तूही नीट बांधता येते.

प्रश्न : मागच्या वेळी सगळी क्रॉकरी बबल रॅपमध्ये गुंडाळून एकाच मोठ्या खोक्यात भरली. खोका पडला नाही, कुठे चेपलाही नाही, तरी चार प्लेटा फुटल्या आणि दोन कपांचे कान गेले. चुकलं कुठे? (सुदामा नगर)

फुटायला खोका पडावाच लागतो असं नाही. रस्त्यावरच्या प्रत्येक गचक्याला आतली वस्तू किंचित उचलली जाते आणि परत आदळते. खोक्यात मोकळी जागा राहिली असेल तर हा मार वाटभर बसत राहतो. तुमच्या प्लेटा बहुधा आडव्या, एकावर एक रचलेल्या असाव्यात. तशा चवडीत खालच्या प्लेटेवर वरच्या सगळ्यांचं वजन येतं आणि गचक्यासरशी ते तिच्या मधोमध दाबतं. चिनी माती वाकत नाही, सरळ तडकते. त्याच प्लेटा कडेवर उभ्या ठेवल्या तर प्रत्येकीला फक्त स्वतःचं वजन पेलावं लागतं.

खोका ५ प्लायचा (पुठ्ठ्याच्या पाच थरांचा) घ्या, साधारण १८ × १२ × १२ इंचांचा. ३ प्लायचा खोका कपडे, उशा, प्लास्टिकच्या डब्यांना ठीक. तळाच्या मधल्या फटीवर २ इंची टेपच्या दोन लांब पट्ट्या आणि दोन्ही टोकांच्या कडांवर एकेक आडवी पट्टी मारा. नुसती मधली पट्टी वजनाने सुटते. पुठ्ठ्यावर धूळ असेल तर टेप धरत नाही, आधी पुसून घ्या. तळाशी चुरगळलेल्या कागदाचा २ ते ३ इंचांचा थर हवा. प्रत्येक प्लेट कोऱ्या कागदाच्या दोन तावांत गुंडाळा, चार प्लेटांचा एक गठ्ठा करून त्यावर बबल रॅप घ्या, फुगे आतल्या बाजूला. छापील वर्तमानपत्र थेट पांढऱ्या बोन चायनाला लावू नका. शाई उतरते, सोनेरी कडेवर तर हमखास. रद्दी चुरगळून मोकळ्या जागा भरायला मात्र चांगली.

कपाचा कान जातो तो आधाराशिवाय बाहेर राहिल्यामुळे. कागदाची छोटी घडी आधी कानाच्या पोकळीत बसवा, एक पट्टी कानाभोवती फिरवा, मग अख्खा कप गुंडाळा. कपात कप घालायचा नाही. पेल्यांच्या आत कागद भरायचा आणि तोंड वर करून ठेवायचं, कारण काठ तळापेक्षा पातळ असतो. प्लेटा खालच्या थरात, मध्ये पुठ्ठ्याचा तुकडा, कप आणि पेले वर. सर्वांत वर पुन्हा २ इंच कागद. झाकण लावण्याआधी खोका दोन्ही हातांनी धरून हलवा. आत काही सरकलं किंवा खळखळलं तर उघडून ती जागा भरा. एका खोक्याचं वजन १२–१३ किलोंच्या वर जाऊ देऊ नका. मोठ्या खोक्याचा तोटाच हा, की तो एक तर अर्धा रिकामा राहतो, नाही तर उचलण्यापलीकडे जड होतो.

खोकी जुनी घ्यायची झाली तर सियागंजातल्या किराणा दुकानांत मिळतात. गूळ, तेल, साखर यांची मात्र घेऊ नका. चिकट पुठ्ठ्यातून मुंग्या आणि झुरळं नव्या घरात जातात.

प्रश्न : वडिलांची सुमारे ८०० पुस्तकं आहेत, शिवाय जुने दिवाळी अंक. सुतळीने गठ्ठे बांधावेत की खोक्यांत भरावीत? काही पुस्तकांना कसर लागली आहे. (लोकमान्य नगर)

खोक्यांतच भरा, आणि लहान खोक्यांत. मराठी पुस्तक सरासरी ३०० ते ४०० ग्रॅमचं धरलं तर तुमच्याकडे २४० ते ३२० किलो वजन आहे. एका खोक्यात १५ किलो याप्रमाणे १६ ते २२ खोकी लागतील. १५ × १० × १० इंचांचं माप त्याला बरोबर पडतं. दिवाळी अंकांची खोकी वेगळी मोजा. मोठ्या खोक्यात पुस्तकं भरली की तो ३५–४० किलोंचा होतो, जिन्यात तळ सुटतो आणि पुस्तकं पायऱ्यांवर पसरतात. सुतळी गठ्ठ्याच्या वरच्या आणि खालच्या पुस्तकाच्या कडा कापते. एखादा गठ्ठा बांधावाच लागला तर वर-खाली जाड पुठ्ठा ठेवून सुती नाडीने बांधा.

बांधीव पुस्तकं कपाटात असतात तशी उभी, दिवाळी अंक आणि ढिल्या शिवणीची पुस्तकं आडवी. पानांची कड खाली आणि कणा वर असं कधी ठेवू नका. पानांचं सगळं वजन शिवणीला लोंबतं आणि पुस्तक पुठ्ठ्यातून निघून येतं. उभ्या पुस्तकांत फट राहिली तर ती तिरपी होतात आणि कायमची तशीच वळतात, तेव्हा फटीत कागद दाबून भरा.

कसर लागलेली पुस्तकं आधी निवडून बाजूला काढा. मऊ ब्रशने घराबाहेर झटका, दोन दिवस सावलीत हवेवर ठेवा. कडक उन्हात जुना कागद पिवळा आणि ठिसूळ होतो. घरात मोठा डीप फ्रीजर असेल तर अशी पुस्तकं प्लास्टिकच्या पिशवीत हवा काढून घट्ट बंद करा आणि उणे १८ अंशांवर दोन आठवडे ठेवा. किडे आणि अंडी दोन्ही मरतात. बाहेर काढल्यावर पिशवी लगेच उघडू नका, एक दिवस जाऊ द्या. नाही तर गार पानांवर हवेतला ओलावा बसतो. डांबराच्या गोळ्या पानांत ठेवू नका, डाग पडतात.

प्रत्येक खोक्याला क्रमांक द्या, आणि बंद करण्याआधी वरून आतल्या पुस्तकांचा मोबाइलवर एक फोटो घ्या. ८०० पुस्तकांची यादी लिहीत बसण्यापेक्षा हे फार सोपं.

प्रश्न : गुरुजींनी दिलेला मिरजेचा तंबोरा मुलीबरोबर पुण्याला पाठवायचा आहे. तारा उतरवाव्यात का? ट्रकमध्ये ठेवला तर चालेल? पेटीही (हार्मोनियम) आहे. (राजेंद्र नगर)

ट्रकमध्ये नको. तंबोरा माणसाबरोबर, गाडीच्या मागच्या सीटवर जावा. भोपळा म्हणजे वाळलेल्या फळाची साल असते. सगळीकडून सारखा आधार मिळाला तर ती टिकते, एका ठिकाणी टोचलं किंवा दाबलं की चिरते. दुसरी नाजूक जागा भोपळा आणि दांडी यांचा सांधा. तंबोरा नुसता दांडीला धरून उचलला की सगळा ताण तिथे येतो, म्हणून उचलताना एक हात नेहमी भोपळ्याखाली हवा.

तारा काढू नका आणि पूर्ण सैलही करू नका. चारही तारा सारख्या, चार-पाच सुरांनी उतरवा. पूर्ण ताणात ठेवल्या तर उन्हाने आणि गचक्यांनी दांडी व तबलीवर (भोपळ्याच्या तोंडावरच्या लाकडी झाकणावर) जोर येतो. पूर्ण सोडल्या तर घोडी (तारा जिच्यावरून जातात ती पट्टी) सरकते, कारण ती तारांच्या दाबानेच जागेवर बसलेली असते. उतरवण्याआधी घोडीच्या चारही बाजूंना मऊ पेन्सिलने अगदी हलकी खूण करा आणि जवळून फोटो काढा. जवारीचे दोरे (घोडीवर तारांखाली सरकवलेले) काढून एका पाकिटात ठेवा, पाकिटावर लिहा आणि ते तंबोऱ्याच्या गवसणीतच (कापडी खोळीत) ठेवा. तारांवरचे मणी हलून तबलीवर ओरखडे काढतात. मण्यांखाली सुती फडक्याची घडी सरकवा. तारा आणि दांडी यांच्यामध्येही खुंट्यांपर्यंत एक मऊ फडकं घाला.

आता भोपळ्याखाली काय ठेवायचं. उशी सगळ्यांना सुचते, पण वजनाने ती मधोमध दबते आणि भोपळा खालच्या कठीण भागाला टेकतो. त्यापेक्षा जुन्या सुती लुगड्याची जाड चुंबळ करा, तिचं मधलं भोक तळव्याएवढं ठेवा आणि भोपळा त्यात बसवा. भार मग कड्यावर गोल वाटला जातो, तळाच्या एका बिंदूवर येत नाही. तबली वर, पाठ खाली. दांडीला दोन ठिकाणी आधार द्या, एक भोपळ्याच्या जवळ आणि एक खुंट्यांच्या अलीकडे, दोन्ही एकाच उंचीवर. आधार उंचसखल झाले तर सांध्याला पीळ बसतो. खुंट्या बाहेर आलेल्या असतात, त्यांच्याभोवती गोधडीची गुंडाळी फिरवा म्हणजे दाराचा धक्का लागला तरी तो गोधडी झेलते. सीटबेल्ट दांडीवरून घेऊ नका, चुंबळीवरून आणि गोधडीवरून घ्या.

वाटेत जेवायला थांबाल तेव्हा गाडी सावलीत लावा. मे महिन्यात बंद गाडीत तापमान इतकं चढतं की सरसाचे सांधे सैल होतात. घरी पोचल्यावर चार-पाच तास तंबोरा गवसणीतच राहू द्या, मग काढा. सूर एकदम चढवू नका. पहिल्या दिवशी अर्धा ताण, दुसऱ्या दिवशी पूर्ण. घोडी हलली असेल तर जवारी जाणकाराकडूनच लावून घ्या.

ट्रकशिवाय गत्यंतर नसेल तर प्लायवुडचा खोका करून घ्या, आत सगळ्या बाजूंनी किमान ४ इंच जागा राहील अशी, आणि ती जागा फोमने घट्ट भरा. नुसत्या गवसणीत तंबोरा ट्रकमध्ये देऊ नये.

हार्मोनियमचं सोपं आहे. भाता मिटवून हुक लावा, सगळे खटके आत ढकला, पट्ट्यांवर पातळ फोमची पट्टी ठेवून झाकण बंद करा. पेटी वाटभर नेहमीच्या स्थितीतच, पट्ट्या वर राहतील अशी ठेवायची, कुशीवर किंवा उभी नाही.

प्रश्न : टेम्पोवाला म्हणतो फ्रीज आडवा नेला तरी काही होत नाही. खरं आहे का? आमच्याकडे फ्रंट लोड वॉशिंग मशीनही आहे. (विजय नगर)

फ्रीज उभाच न्यावा. कॉम्प्रेसरमध्ये तेल असतं. फ्रीज आडवा झाला की ते गॅसच्या नळ्यांमध्ये शिरतं, आणि तसाच सुरू केला तर कॉम्प्रेसर तेलाविना फिरतो. जिन्यात ४५ अंशांपर्यंत तिरपा करायला हरकत नाही. नाइलाजाने आडवा न्यावाच लागला तर कुशीवर, पाठीवर कधीही नाही. मागच्या जाळीच्या नळ्या दबतात. मग नव्या घरात २४ तास उभा ठेवूनच चालू करा. उभा आणलेला फ्रीजही तीन-चार तासांनीच लावावा.

निघण्याच्या आदल्या दिवशीच फ्रीज बंद करून बर्फ वितळू द्या. मागे कॉम्प्रेसरवर पाण्याचा छोटा ट्रे असतो, तो बहुतेकजण विसरतात आणि जिन्यात ते पाणी हमालाच्या अंगावर येतं. काचेचे कप्पे काढून उभे बांधा. दार बंद ठेवायला ब्राउन टेप लावू नका, रंग निघतो किंवा गोंद राहतो; स्ट्रेच फिल्मचे चार-पाच वेढे पुरतात.

फ्रंट लोड मशीनच्या बाबतीत एकच गोष्ट, पण ती टाळता येत नाही: ट्रान्झिट बोल्ट. आतलं ड्रम स्प्रिंगांवर लोंबकळत असतं आणि त्याला काँक्रीटचं वजन जोडलेलं असतं. बोल्ट न लावता नेलं तर ते सगळं धूड वाटभर पत्र्यावर आपटतं, स्प्रिंग आणि शॉक ॲब्सॉर्बर जातात. मशीन आलं तेव्हा पाठीमागून काढलेले तीन किंवा चार लांब बोल्ट मॅन्युअलच्या पिशवीत असतील. हरवले असतील तर मॉडेल क्रमांक सांगून कंपनीच्या सर्व्हिस सेंटरमधून मागवा. एका मॉडेलचे दुसऱ्याला बसत नाहीत. खालच्या कोपऱ्यातला फिल्टर उघडून साठलेलं पाणी ताटात काढून घ्या. नव्या घरात पहिल्यांदा चालवण्याआधी बोल्ट काढलेच पाहिजेत, नाही तर मशीन जागेवरून उड्या मारतं. टॉप लोड असेल तर ड्रम आणि बाहेरच्या पत्र्यामध्ये चारी बाजूंनी जुन्या चादरी दाबून भरा.

टीव्हीचं कुणी विचारलं नाही, तरी सांगतो: उभाच न्या, पडद्यावर दाब नको. आडव्या टीव्हीचं पॅनेल स्वतःच्या वजनानेच वाकतं.

प्रश्न : चिनी मातीच्या मोठ्या बरण्या, पितळेचं घंगाळ, तांब्याचा बंब, समया, चांदीची पूजेची भांडी आणि देव असं सगळं आहे. यंदाचं लोणचंही घालून झालं आहे. मुलगा म्हणतो, लोणचं वाटून टाक, वाटेत सांडेल. (एक आजी, रामबाग)

आजी, लोणचं नेता येईल, फक्त बरणीतून नाही. दादरा (तोंडावरचं फडकं) बांधलेली बरणी हलताना तेल सोडतेच. रुंद तोंडाच्या, फिरकीच्या झाकणाच्या डब्यात काढा आणि वर तीन बोटं जागा रिकामी ठेवा. नवं लोणचं मुरताना वायू धरतं आणि उन्हाने तेल फुगतं. काठोकाठ भरलेला डबा म्हणून गळतो. झाकणाखाली जाड प्लास्टिकचा तुकडा घाला, डबा उभा बादलीत ठेवून भोवती फडकी कोंबा आणि बादली आपल्या गाडीत पायाशी घ्या. लांबचा प्रवास असेल तर मधल्या मुक्कामी झाकण एकदा सैल करून परत लावायला सांगा.

रिकामी बरणी धुऊन दोन दिवस उन्हात खडखडीत वाळवा. मग बोटाच्या पेराने वाजवून पाहा. स्वच्छ टणत्कार आला तर बरणी धड आहे, बद्द वाजली तर झिलईखाली केसासारखी चीर आहे. ती बरणी प्रवासात फुटू शकते, तेव्हा तिला गादीचाच आधार द्या किंवा सोबत घ्या. आत चुरगळलेला कागद भरा, झाकण वेगळं गुंडाळा. झाकण वर ठेवूनच बरणी बांधली तर आधी काठाचा टवका उडतो.

घंगाळ आणि बंब फुटत नाहीत, पण पोचे पडतात. घंगाळात इतर भांडी भरायचा मोह होतो. त्याऐवजी उशा, पांघरुणं भरा. बंबातली राख पूर्ण काढा, नळी वेगळी करा, तोटीभोवती गोणपाट गुंडाळा. पितळ-तांबं चिंचेने घासलं असेल तर आंबट अंश राहू देऊ नका, धुऊन कोरडं करा आणि सुती कापडात गुंडाळा. ओलसर वर्तमानपत्र थेट लागलं तर काळे चट्टे पडतात. समया सगळ्या फेऱ्या उलगडून सुट्या करा, तेल पुसा, एका समईचे भाग एकाच पिशवीत ठेवा.

चांदीला रबरबँड, लोकरीचं कापड किंवा वर्तमानपत्र लावू नका, तिन्हींमुळे ती काळवंडते. मलमलीत गुंडाळून बंद पिशवीत ठेवा आणि स्वतःजवळ बाळगा. देवांचंही तसंच. प्रत्येक मूर्ती आणि टाक वेगळ्या सुती फडक्यात, सगळे एका स्टीलच्या डब्यात, डबा तुमच्या मांडीवर. बाळकृष्णाचा हात किंवा बासरी वाकते ती मूर्ती मूर्तीवर आपटून.

प्रश्न : बदलीमुळे जुलैत दोन बेडरूमच्या घराचं सामान पुण्याला न्यायचं आहे. पार्ट लोड स्वस्त पडतो असं सांगतात. आणि पावसाचं काय? (स्कीम नंबर ७८)

पार्ट लोडमध्ये तुमचं सामान ट्रान्सपोर्टच्या गोदामात उतरतं, दुसऱ्यांच्या मालाबरोबर परत चढतं, कधी वाटेत पुन्हा बदलतं. जास्तीत जास्त फूट या चढउतारात होते, रस्त्यात नाही. काच, फर्निचर, मोठी उपकरणं असतील तर पूर्ण गाडी करा. दोन बेडरूमच्या सामानाला साधारण १४ फुटी गाडी लागते. नुसती खोकी आणि कपडे असतील तर पार्ट लोड ठीक आहे.

जुलैत बंद कंटेनर मिळाला तर उत्तम. उघडी गाडी असेल तर ताडपत्री आदल्या दिवशी उजेडासमोर धरून पाहा, भोकं लगेच दिसतात. ताडपत्र्या दोन हव्यात, आणि पुढच्या ताडपत्रीची कड मागच्या ताडपत्रीच्या वर यावी, नाही तर वारा आणि पाणी फटीत शिरतं. गाडीच्या फळ्या ओल्या असतात. तळाशी जाड प्लास्टिक आणि त्यावर जुने पुठ्ठे पसरा. भिजलेल्या पुठ्ठ्यात ताकद राहत नाही, खालचा खोका बसला की वरची रांग कोसळते. म्हणून खालच्या रांगेतल्या खोक्यांना तळापासून अर्ध्यापर्यंत स्ट्रेच फिल्म गुंडाळा. कापसाच्या गाद्या पूर्ण कोरड्या असतील तरच प्लास्टिकमध्ये बंद करा. किंचित ओलावा आत राहिला तर दोन दिवसांत कुबट वास आणि बुरशी येते. पोचल्यावर सगळ्यात आधी गाद्या उघडा.

भरताना केबिनला लागून कपाट, फ्रीज, वॉशिंग मशीन उभी लावा आणि बाजूच्या कड्यांना बांधा. लोखंडी कपाट रिकामं करूनच चढवा; कपड्यांनी भरलेलं कपाट उचलताना पाय वाकतात आणि मग दारं लागत नाहीत. नंतर जड खोकी खाली, हलकी वर, आणि दर तीन-चार फुटांवर आडवी दोरी. शेवटी एकच दोरी सगळ्यावरून ओढली तर मधलं सामान मोकळंच राहतं. इंदूर–पुणे रस्ता ६०० किलोमीटरच्या आसपास आहे. मानपूरनंतर नर्मदेच्या खोऱ्यात मोठा उतार लागतो आणि सेंधव्यापुढे बिजासनचा घाट. उतारावर सगळं सामान केबिनकडे ढकललं जातं, चढावर मागच्या फळक्याकडे. मागचे खोके म्हणून फळक्याला नुसते टेकवू नका, मध्ये गादी उभी करा.

आरसा, काचेचं टेबल, टीव्ही या वस्तू उभ्या, दोन गाद्यांच्या मध्ये आणि गाडीच्या बाजूच्या भिंतीला समांतर ठेवा, म्हणजे त्यांची कड रस्त्याच्या दिशेला येते. ब्रेक लागला की जोर कडेवर जातो. आडव्या लावल्या तर तोच जोर काचेच्या मधोमध येतो.

प्रश्न : बिल्टीवर (ट्रान्सपोर्टच्या मालपावतीवर) सही करण्याआधी काय पाहावं? विमा खरंच मिळतो का? (तिलक नगर)

बिल्टीवर ‘मालकाच्या जोखमीवर’ असं छापलेलं असतं, ते वाचा. २००७ च्या कॅरेज बाय रोड कायद्यानुसार मालाची किंमत तुम्ही आधी जाहीर करून जादा दर भरला नसेल तर वाहतूकदाराची जबाबदारी मर्यादित असते. नुकसानीबद्दल दावा करायचा तर माल बुक केल्याच्या तारखेपासून १८० दिवसांत लेखी नोटीस द्यावी लागते. तोंडी तक्रारीला तिथे किंमत नाही.

ट्रान्झिट विमा घेताना प्रत्येक मोठ्या वस्तूची वेगळी किंमत लिहा. ८ लाखांचं सामान ४ लाखांचं दाखवलं तर साधारणतः भरपाईही त्याच प्रमाणात निम्मी होते. बहुतेक पॉलिसींत मालकाने स्वतः बांधलेल्या खोक्यातली फूट, रोकड, दागिने आणि बाहेरून मार न लागता बंद पडलेली उपकरणं धरत नाहीत. नियम आधी विचारून लिहून घ्या. टीव्ही, फ्रीज चालू असताना त्यांचा आणि सिरियल नंबरचा व्हिडिओ काढून ठेवा. सामान उतरवताना काही फुटलेलं दिसलं तर पोचपावतीवर तिथेच लिहा आणि मगच सही करा.

वापरलेल्या घरगुती सामानाला ई-वे बिल लागत नाही. तरी ‘स्वतःचं वापरलेलं घरगुती सामान’ अशा शीर्षकाची सही केलेली यादी आणि ओळखपत्राची प्रत चालकाजवळ द्या, नाक्यावर वेळ वाचतो.

प्रश्न : गॅस सिलिंडर आणि इन्व्हर्टरची बॅटरी सामानाबरोबर न्यावी का? (परदेशीपुरा)

भरलेला सिलिंडर सामानात नको. गाव बदलत असाल तर सिलिंडर आणि रेग्युलेटर वितरकाकडे जमा करा, डिपॉझिट परत घ्या आणि व्हाउचर जपून ठेवा, नव्या गावी त्यावर जोडणी मिळते. अवंतिका गॅसची पाइपलाइन असेल तर मीटर आणि नळी स्वतः खोलू नका, कंपनीला कळवा.

बॅटरी नेता येते, पण उभीच. १५० एएचची ट्युब्युलर बॅटरी ५० किलोंच्या वर असते आणि आत ॲसिड असतं. आधी इन्व्हर्टर बंद, मग मुख्य स्विच, मग ऋण टोकाची वायर, शेवटी धन टोकाची. दोन्ही टोकांवर टेप गुंडाळा. लोखंडी वस्तू दोन्हींना एकदम लागली तर ठिणगी पडते. झाकणं घट्ट आहेत का पाहा, बॅटरी प्लास्टिकच्या टबमध्ये ठेवा, कपडे आणि गाद्यांपासून लांब. रंग, टर्पेंटाइन, फिनेल, ॲसिड यांच्या अर्धवट बाटल्या नेऊ नका. घातक कचरा म्हणून घंटागाडीत वेगळ्या द्या.

प्रश्न : हायड्रॉलिक पलंग सुतार बोलावून खोलावा की तसाच न्यावा? मागच्या वेळी खोलून जोडल्यावर डुगडुगायला लागला. (निपानिया)

खोलूनच न्या, तसा दारातून निघणार नाही. आधी गादी काढा, मग झाकण वर उचलून दुसऱ्या माणसाला धरायला सांगा आणि पिस्टन सोडा. झाकण कुणी धरलेलं नसताना पिस्टन सोडले तर ते एकदम खाली येतं आणि बोटं चेमटतात. पिस्टन दोन्ही बाजूंचे एकाच वेळी नाही, एकामागून एक.

डुगडुगतं ते बहुधा पार्टिकल बोर्डमुळे (लाकडाचा भुसा दाबून केलेल्या फळीमुळे). त्यातलं स्क्रूचं भोक एकदा खोलल्यावर भुसभुशीत होतं आणि तोच स्क्रू परत धरत नाही. भोकात फेव्हिकॉल घाला, दोन-तीन काड्यापेटीच्या काड्या गूल काढून खोवा, बाहेर आलेला भाग कापा, रात्रभर वाळू द्या आणि मग स्क्रू लावा. एका सांध्याचे स्क्रू एका पिशवीत घालून, पिशवीवर जागा लिहून ती त्याच फळीला मास्किंग टेपने चिकटवा. खोलण्याआधी प्रत्येक कोपऱ्याचा फोटो घ्या आणि जुळणाऱ्या फळ्यांवर आतल्या बाजूला पेन्सिलने १-१, २-२ असे आकडे टाका. ॲलन की (षटकोनी पाना) स्वयंपाकघराच्या खोक्यात न टाकता स्वतःच्या खिशात ठेवा. त्या दिवशी सगळ्यात आधी पलंगच जोडावा लागतो.